दुरुस्तीची दवंडी

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नाजिया लोखंडी कपाटात तोंड घालून बसली होती. कपाटाच्या दोन्ही दारांवर गोधड्या टाकलेल्या, आत साड्यांच्या घड्यांत माइक खोचलेला. "लग्नसराईनिमित्त भरघोस सूट," हे वाक्य ती चौथ्यांदा म्हणत होती. तीन वेळा रेल्वेची शिट्टी मधे आली. चौथ्यांदा आली नाही. तिनं फोनचं बटण दाबून रेकॉर्डिंग थांबवलं, गोधडी बाजूला केली आणि घाम पुसला.

धर्माबाद, कुंडलवाडी, बिलोली, उमरी या भागात हा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. साड्यांचा सेल, कोचिंग क्लास, डोळ्यांचं शिबिर, हरवलेली म्हैस, मयतीची खबर. ऑटोच्या टपावरच्या दोन भोंग्यांतून जे ऐकू येतं ते नाजियाचं. चेहरा फार थोड्यांना ठाऊक. बाजारात तिनं "कोथिंबीर कशी दिली?" असं विचारलं की भाजीवाला मान वर करून बघतो. आवाज कुठं ऐकलाय ते त्याला आठवत नाही, आणि नाजिया आठवण करून देत नाही.

धंदा मूळचा सासऱ्यांचा. गफूरभाईंनी सायकलीला बॅटरी आणि कर्णा बांधून तीस-एक वर्षं धर्माबादच्या गल्ल्या पुकारल्या. घसा बसला तेव्हा मुलगा यासेर ऑटो घेऊन पुढं आला, पण त्याचा आवाज बारीक, आणि कागद समोर धरला की तो अडकायचा. सून देगलूरच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेली होती. घरात बोलणं दखनीत, माहेरच्या शेजारात तेलुगू आणि कन्नड, कागदावर मराठी. जीभ कुठंच अडत नव्हती. गफूरभाईंनी तिला एक मयत आणि एक सेल वाचायला लावला आणि म्हणाले, "मयत सेलसारखी वाचू नकोस. बाकी ठीक हाय." तेवढीच शिकवणी.

एक नियम मात्र त्यांनी दिला. गफूरभाईंनी एकदा थोरल्या भावाऐवजी धाकट्याची मयत पुकारली होती. धाकटा त्या वेळी स्टेशनसमोर चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली, स्वतःची मयत शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "गफूर, माती किती वाजता हाय?" गफूरभाई त्याच पावली मागं फिरले. ज्या गल्ल्यांतून चूक गेली त्याच गल्ल्यांतून, त्याच क्रमानं दुरुस्ती पुकारली. फुकट. "चूक ज्या रस्त्यानं गेली त्याच रस्त्यानं दुरुस्ती जाते," ते सांगत. "आणि दुरुस्तीत चूक काय, बरोबर काय, तेवढंच. कारणं सांगायची न्हाईत. माफी मागायची न्हाई. लोकाला खबर पायजे, आपलं रडगाणं न्हाई."

नाजियाचा पॉडकास्ट सुरू झाला तोही एका मयतीवरून. दोन वर्षांपूर्वी गल्लीच्या टोकाला भजी तळणारी म्हातारी गेली. मुलानं लिहून आणलेल्या कागदावर होतं: व्यंकटी यांच्या मातोश्रींचे दुःखद निधन. नाजियानं विचारलं, "नाव काय लावू?"

"माझं हाय की वर. व्यंकटी."

"तुमचं न्हाई. अम्माचं."

व्यंकटीनं बाहेर उभ्या असलेल्या चुलत्याकडं बघितलं. चुलता म्हणाला, "लागत न्हाई ते. लोक व्यंकटीला वळखतात."

नाजियानं कागदावर होतं तसं वाचलं. धंदा तो धंदा. पण लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या बाईच्या हातची भजी खात होती, आणि बाईचं नाव राजव्वा होतं. मग तिनं मागचे कागद आठवून बघितले. अमक्याच्या सौभाग्यवती, तमक्याच्या मातोश्री, ढमक्यांच्या भगिनी. इतक्या बायकांच्या मयती तिच्या तोंडून गावभर गेल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्यांना नाव नव्हतं. बाई असून तिनं ते वाचलं होतं, नीट, स्वच्छ उच्चारात.

त्या आठवड्यात तिनं कपाटात बसून सात मिनिटांचं रेकॉर्डिंग केलं. राजव्वा कोण होती, कुठली होती, तेलाचा अंदाज कसा घ्यायची, कुणाला उधार द्यायची नाही. ते तिनं ओळखीच्या बायकांना पाठवलं. अकरा जणींनी ऐकलं. व्यंकटीनंही ऐकलं असावं, कारण त्यानंतर तो रस्त्यात दिसला की दुकानाच्या पाट्या वाचू लागायचा.

पुढं दर आठवड्याला एक बाई. नाजिया पहिला प्रश्न नेहमी तोच विचारते आणि कार्यक्रमाचं नावही तेच आहे: 'तुमचं नाव सांगा'. पॉडकास्ट हा शब्द गावात कुणी वापरत नाही. 'नाजियाचं ऑडिओ' म्हणतात. ॲपवर ती चढवते, पण बायकांकडं ॲप नसतं, म्हणून फोनवरून फोनवर पाठवते. ऐकणारे पन्नास, साठ, कधी सत्तर. पैसे नाहीत.

यासेरला हा हिशेब कळत नसे. "भोंग्याला भाडं मिळतं," तो म्हणायचा. "याला काय मिळतं?"

"भोंग्यावर लोकांनी लिहून दिलेलं वाचते. इथं न्हाई वाचत."

"मग आधी भोंग्यावर पोट भर, मग इथं बोल."

"तेच करून राहिले ना? कपाट तेच, माइक तोच. लाइटीचं बिल तेवढं जास्त येतं म्हण."

लातूरहून एक जण आला होता. त्याचा यूट्यूब चॅनेल होता. आवाज सोन्यासारखा आहे, म्हणाला. पाककृती करू, सणवार करू, फक्त भाषा जरा सुधारा. नाजियानं विचारलं, माझी का त्या बायकांची? तो म्हणाला, दोन्ही. तिनं त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. त्याच महिन्यात हिमायतनगरच्या एका अनोळखी बाईचा ऑडिओ आला. पंधरा सेकंदांचा. तिचं नाव, गावाचं नाव आणि मागं कुकरची शिट्टी. दुसरं काही नाही. मग शिरूर अनंतपाळहून एक आला. असे ऑडिओ अधूनमधून येतात. नाजिया ते भागाच्या शेवटी लावते, काही न बोलता.

या फेब्रुवारीत, मिरचीच्या ऐन हंगामात, पाळी केवळाबाईंची आली.

केवळाबाई पन्नाशीच्या. जवळच्या खेड्यातून जीपनं येतात आणि अमरनाथशेठच्या गोदामात मिरचीचे देठ खुडतात. नाजियानं नाव विचारलं तेव्हा म्हणाल्या, "केवळाबाई. मालकाचं ग्यानोबा, पण ते तू इचारलं न्हाईस." मग मिरचीबद्दल बोलल्या. हाताला गोडं तेल कसं लावायचं, डोळ्याला हात लागला तर काय करायचं, घरी नातू जवळ का येत नाही. आणि मग, त्याच सुरात:

"सकाळी भाकर खाऊन निघायचं ते पाणी न पिता. पाणी पिलं की जावं लागतंय. जायाचं कुठं? गोदामात संडास न्हाई. मागं नाला हाय, नाल्याच्या पल्याड रस्ता. अन् हाताला मिरची. माय, मिरचीच्या हातानं लुगडं सावरून बघ एकदा, म्हंजी कळंल तुला."

रेकॉर्डिंगमध्ये इथं मागच्या बायका हसलेल्या ऐकू येतात. नाजियानं ते हसू काढलं नाही. गोदामाचं नावही काढलं नाही.

भाग शुक्रवारी गेला. रविवारी अमरनाथशेठच्या मुनिमाचा फोन यासेरला आला: उद्या दोघांनी आडतीवर यायचं.

अमरनाथशेठ गफूरभाईंच्या सायकलीपासूनचं गिऱ्हाईक. त्यांचा तिखटाचा छाप, मेव्हण्याचं कापड दुकान, जावयाचं बियाणं, नातू शिवांशच्या पहिल्या वाढदिवसाचं जाहीर आमंत्रण. ऑटोचं निम्मं काम त्या एका घरातून यायचं. यासेर जाताना वाटेत एकच गोष्ट म्हणाला, "काढ म्हणले तर काढ. मैं हात जोडतूं."

शेठ रागावलेले नव्हते. त्यांनी खुर्च्या पुढं केल्या, चहा सांगितला.

"ताई, तुमचा आवाज म्हणजे आमच्या घरचा आवाज. शिवांशच्या वाढदिवसाला नांदेडचे पाहुणे म्हणाले, आमंत्रण असं पायजे." त्यांनी कपात फुंकर घातली. "ते ऑडिओ तेवढं काढून टाका."

"काय चुकलंय त्याच्यात, शेठजी?"

"संडास न्हाई म्हणता तुम्ही. संडास हाय. टाइल्सचा हाय. मी स्वतः उभा राहून बांधून घेतलाय."

असं काही असेल हे नाजियाच्या मनातही आलं नव्हतं. "बघू का?" ती म्हणाली.

मुनीम दयानंद यांनी टेबलाचा खण उघडला, पावतीपुस्तकं उचलली, खालून एक किल्ली काढली. गोदाम आडतीला लागूनच. मिरचीच्या ढिगांमागं, कोपऱ्यात, हिरवं पत्र्याचं दार होतं. कुलूप उघडायला दयानंदांना बराच वेळ लागला. शेवटी तेल घालावं लागलं. आत पांढऱ्या टाइल्स. भांड्यावर दुकानाचं स्टिकर तसंच होतं.

देठ खुडणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. केवळाबाई पुढं आल्या, वाकून आत बघितलं.

"आगं माय. मी म्हणलं बारदाना ठिवायची खोली हाय."

"म्या बी," दुसरी म्हणाली. "कुलूप दिसलं की आपण कशाला हात लावतोय?"

शेठ नाजियाकडं वळले. "बघितलं? आता ते काढा. आणि चुकलं म्हणून सांगा. एकट्या मला सांगून न्हाई चालणार. बदनामी बाजारभर झाली. भोंग्यावर सांगा, सगळ्या बाजारात. भाडं मी देतो."

बाजारातल्या किती लोकांनी तो भाग ऐकला होता हे नाजियाला माहीत होतं. सत्तरच्या वर नाही. तिनं तो आकडा सांगितला नाही. ती म्हणाली, "चुकलं ते सांगते."

"भोंग्यावर?"

"भोंग्यावर. भाडं नको. दुरुस्ती फुकट असते आमच्यात."

शेठ यासेरला म्हणाले, "बघ, समजदार हाय तुझी बायको." यासेरनं मान हलवली. परतीच्या वाटेवर तो जरा मोकळा झाला होता. उद्या बिर्याणीचं मटण आणू का, असंही त्यानं विचारलं. तो भाग ठेवायचा की काढायचा, हे अजून ठरलं नव्हतं, आणि ते ठरवणारी नाजिया नव्हती.

संध्याकाळी जीपच्या थांब्यावर तिनं केवळाबाईंना गाठलं. "मावशी, तुम्ही म्हणत असाल तर काढते. तुम्हाला रोज तिथं जायचंय. माझं काही न्हाई."

केवळाबाई पदरानं बोटं पुसत होत्या. तेल आणि तिखटानं लाल झालेला पदर. "काढलं तर काय व्हईल?"

"काही न्हाई. गप्प होतील सगळे."

"अन् मी खोटी ठरंन." त्यांनी जीपवाल्याला थांब अशी खूण केली. "संडास हाय हे मला म्हाईत नव्हतं. ते माझं चुकलं. पर पाणी न पिता बसलेली म्या, ते चुकलं का? ठिव तसंच. नाव बी ठिव. कुणी इचारलं तर सांग, नवऱ्याचं ग्यानोबा."

घरी नाजियानं दुरुस्तीचा कागद लिहिला आणि गफूरभाईंसमोर धरला. यासेर दारात उभा. गफूरभाईंनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"हे काय? 'बांधल्यापासून कुणीही वापरलेला नाही.' हे कुणी सांगितलं तुला?"

"स्टिकर बघितलं, अब्बा. भांड्यावर."

"स्टिकर बघितलंस. वापर न्हाई बघितलास. काढ ते."

तिनं खोडलं. पुढं 'बायकांची गैरसोय' असे शब्द होते. तेही त्यांनी खोडायला लावले. ते मत आहे, खबर नाही. राहिलं ते चार-पाच ओळींचं. यासेरनं वाचलं आणि भिंतीला टेकला.

"यह दुरुस्ती है? अब्बा, यह तो..."

"चूक काय ते लिहिलंय," गफूरभाई म्हणाले. "बरोबर काय ते लिहिलंय. यातलं काय खोटं हाय ते दाखव, मी फाडतो." मग थोड्या वेळानं म्हणाले, "फक्त चूक फोनवरून गेली होती. नियमानं दुरुस्ती फोनवरूनच जाते. भोंगा कशाला?"

"शेठजींनी मागितलाय, अब्बा. सगळ्या बाजारात म्हणाले. यासेर साक्षीला होता."

गफूरभाईंनी कागद परत दिला. "मग दोन्हीकडून जाऊ दे."

यासेरनं रात्रीत काही ठरवलं असेल तर ते बोलून दाखवलं नाही. सकाळी त्यानं पेन ड्राइव्ह लावला आणि ऑटो बाहेर काढला. नाजिया मागच्या सीटवर बसली. एरवी ती कधी ऑटोबरोबर जात नसे.

मिरचीचे सौदे सुरू व्हायच्या वेळी ऑटो बाजारात शिरला. पोती उतरत होती, हमाल, शेतकरी, तेलंगणातून आलेले खरेदीदार, सगळे नाकाला रुमाल लावून उभे. भोंग्यातून साड्यांच्या सेलचा आवाज आला, पण सेलसारखा नाही. मयतीसारखाही नाही.

"दुरुस्ती. दुरुस्ती. 'तुमचं नाव सांगा' या कार्यक्रमात, केवळाबाई यांच्या भागात, अमरनाथशेठ यांच्या मिरची गोदामात संडास नाही, असं सांगण्यात आलं होतं. ते चूक आहे. गोदामात संडास आहे. त्याला कुलूप आहे. किल्ली मुनिमांच्या टेबलाच्या खणात आहे. आधीचं चूक, आत्ताचं बरोबर."

पहिल्या फेरीत कुणी हसलं नाही. लोक ऐकत राहिले. दुसऱ्या फेरीत एका हमालानं पाठीवरचं पोतं सावरत दुसऱ्याला विचारलं, "किल्ली कुठं हाय म्हणली?" आणि तिथून हसू पसरलं. दुपारपर्यंत बाजारात ज्याला त्याला किल्ली विचारली जात होती. चहावाल्याकडं साखर मागितली तर किल्ली खणात हाय, म्हणायचा. ऑटो आडतीसमोरून गेला तेव्हा यासेरनं वेग वाढवला नाही. नाजियाच्या ते लक्षात आलं.

चहाच्या टपरीवर लोक एकमेकांकडं तो मूळचा भाग मागू लागले. ज्या भागाला सत्तर जण मिळाले नव्हते तो संध्याकाळपर्यंत हजारावर गेला. दुरुस्ती त्याच्या शेवटी जोडलेली होती, तेवढीच, तीच.

शेठचा फोन नाजियाच्या नंबरवर आला. या वेळी मुनिमाचा नाही.

"हे काय केलंत ताई तुम्ही?"

"दुरुस्ती, शेठजी. तुम्ही म्हणाला तशी. त्यात काही चुकलं असंल तर सांगा, त्याची पण दुरुस्ती करते. फुकट."

पलीकडून फोन कट झाला.

तिखटाचं काम त्याच दिवशी बंद झालं. मेव्हण्याचं कापड दुकान, जावयाचं बियाणं, दोन्ही त्या आठवड्यात गेलं. 'भरघोस सूट' आता कुण्या पुरुषाच्या आवाजात ऐकू येते, नांदेडहून करून आणलेली. भोंग्याचं काम उरलं ते आठवड्यातून दोन-तीन दिवसांचं. बाकीचे दिवस यासेर टपावरचे कर्णे उतरवून स्टेशनच्या थांब्यावर सवारीला उभा राहतो. बिर्याणीचा विषय पुन्हा निघाला नाही. पॉडकास्ट बंद कर, असंही तो म्हणाला नाही, फक्त एकदा म्हणाला, "पुढच्या वेळी दुरुस्ती आधी मला ऐकव." "का?" "मला दम धरायला वेळ लागतो." नाजिया हसली आणि कबूल झाली.

गोदामातलं कुलूप निघालं. कधी निघालं ते कुणी सांगितलं नाही. एका सकाळी दार नुसतं लोटलेलं होतं आणि शेजारी पाण्याचा ड्रम होता. स्टिकर कुणीतरी खरवडून काढलं होतं. ही बातमी नाजियानं पुढच्या भागात दिली, ड्रमसकट. अभिनंदन केलं नाही.

केवळाबाईंना मुनिमानं सांगितलं, हंगाम संपला. ढीग छतापर्यंत होते. त्या दुसऱ्या दिवशी बाजाराच्या पलीकडच्या दुसऱ्या गोदामात कामाला लागल्या. देठ खुडणाऱ्या हाताला ऐन हंगामात कुणी नको म्हणत नाही. नाजियानं फोन करून विचारलं, "मावशी, तिथं संडास हाय का?"

"हाय की."

"कुलूप?"

"कुलूप न्हाई," केवळाबाई म्हणाल्या. "दार बी न्हाई."

नव्या गोदामाच्या मालकाचा निरोप नाजिया तिथं जायच्या आधीच येऊन पोचला होता: आत रेकॉर्डिंग करायचं नाही. नाजियानं उलट निरोप पाठवला की आत यायची गरज नाही, फाटकासमोरचा रस्ता नगरपालिकेचा आहे. गेल्या सोमवारी ती तिथं होती. सहा जणींनी नावं सांगितली, एकीनं सांगितलं नाही; ती पुढच्या वेळी सांगते म्हणाली.

उद्या सोमवार. त्या गोदामाचं फाटक साडेआठला उघडतं आणि बायका सव्वाआठपासून बाहेर उभ्या असतात. नाजियाही सव्वाआठला पोचते.